उशी काढा : गुडघ्याखाली पाय कापल्यानंतरचे पहिले आठवडे

रुग्ण ५७ वर्षांचे, तालुक्याच्या गावात शिवणकामाचं दुकान. मधुमेह चौदा वर्षांपासूनचा. गोळ्या चालू होत्या, पण सणासुदीच्या गर्दीत त्या मागे पडायच्या. पायाची मशीन अनवाणी मारायची सवय. पावसाळा संपता संपता कधीतरी उजव्या तळपायात टाचणी घुसली आणि त्यांना ती कळलीच नाही. संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठिपके बघून बायकोने पाय उलटा करून पाहिला, तेव्हा टाचणीचं डोकं दिसलं. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात म्हणजे काय होतं, हे सांगायला आता मी हेच उदाहरण देते.

पुढचं सगळं नेहमीच्या क्रमाने झालं. आधी हळद, मग मेडिकलमधून आणलेलं मलम, मग गावातलं ड्रेसिंग, मग वास. एका ठिकाणी अंगठा काढला, तरी पू वर चढत गेला. आमच्याकडे आले तेव्हा अंगात ताप, पाऊल घोट्यापर्यंत काळंनिळं, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) १०.८, म्हणजे बरीच जास्त. गुडघ्यामागची नाडी मात्र चांगली लागत होती. त्या नाडीच्या भरवशावर सर्जननी पाय गुडघ्याखाली कापायचं, म्हणजेच गुडघा वाचवायचं ठरवलं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. खाली त्यांना नुसतं काका म्हणते, वॉर्डातही तेच म्हणत होते.)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे प्रकरण लिहून काढतेय ते शस्त्रक्रियेसाठी नाही, ती नीट झाली. पाय गेलेला माणूस पुन्हा चालणार की नाही हे कृत्रिम पाय बनवणाऱ्याकडे गेल्यावर ठरतं, असा समज घरच्यांचा असतो, आणि वॉर्डातल्या बऱ्याच जणांचाही असतो. टाके निघाले की मग फिजिओला कळवायचं, अशी पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. माझ्या मते तोपर्यंत निम्मा निकाल लागलेला असतो. गुडघा सरळ राहिला की वाकून बसला हे खाटेवरच ठरतं, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. आणि तो वाकवणारी वस्तू बहुतेक वेळा घरच्या माणसाने मायेने ठेवलेली उशी असते.

गुडघा वाचवण्यात इतकं काय आहे? रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे किंवा मधुमेहामुळे गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला कृत्रिम पायावर तेवढंच अंतर चालायला साधारण ४० टक्के जास्त शक्ती खर्चावी लागते. पाय मांडीतून गेला तर हा खर्च जवळपास दुप्पट होतो. साठीला आलेल्या, शुगर असलेल्या, हृदयाची फारशी खात्री नसलेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक म्हणजे दुकानापर्यंत चालत जाणं आणि घरातल्या घरात व्हीलचेअर यांच्यातला फरक असतो. पण वाचवलेला गुडघा सरळ होत नसेल तर हा फायदा हातचा जातो. थोडासा वाक असेल तर कृत्रिम पाय बसवणारा तंत्रज्ञ सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीच्या, मांडणीत तो सांभाळून घेतो. वाक मोठा असला की पाय बसतो, पण माणूस चालत नाही.

शस्त्रक्रियेच्या आधीची संध्याकाळ

सर्जननी आदल्या संध्याकाळी मला बोलावलं, हे काकांचं नशीब म्हणायचं. बहुतेक वेळा रुग्ण मला प्रथम दिसतो तो स्टंपसकटच, म्हणजे पाय कापून उरलेल्या टोकासकटच.

वेळ थोडाच होता. दोन्ही तळहात गादीवर टेकून कंबर उचलता येते का ते पाहिलं. चांगली उचलली, कातर चालवणारे हात होते. डाव्या पायावर खुर्चीतून उठता येतं का, तेही पाहिलं. गुडघ्याची वाटी मांडीकडे ओढून धरायचा व्यायाम शिकवला, कारण तो दुखण्याच्या आधी शिकलेला बरा. दुखत असताना नवा स्नायू सापडत नाही.

मग डावा पाय तपासला. दहा ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा धागा असतो, तो तळपायाच्या ठरावीक जागांवर टेकवून विचारायचं, कळतंय का. काकांनी डोळे मिटले होते. टाच कळली, चवडा कळला नाही, अंगठाही कळला नाही. म्हणजे जो पाय राहणार होता तोही अर्धा बधिर होता. पुढच्या सगळ्या आखणीत माझ्या डोक्यात हेच होतं. एक पाय गेलेल्या मधुमेही माणसाचा दुसरा पाय पुढच्या काही वर्षांत धोक्यात येणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. तेव्हा ‘लवकर चालवा’ याचा अर्थ ‘लवकर लंगडी घालायला लावा’ असा घ्यायचा नव्हता.

शेवटी एक सांगून ठेवलं. ‘काका, पाय गेल्यावरही तो आहे असं वाटेल. बोटं खाजतील, पाऊल मुरगळल्यासारखं वाटेल. डोकं फिरलं असं समजू नका, बहुतेकांना होतं.’ त्यांनी मान हलवली. बायको म्हणाली, ‘असलं काहीतरी नका सांगू हो मॅडम, आधीच घाबरलेत.’ तरी मी हे आधी सांगतेच. न सांगता झालं तर माणूस ते लपवतो, आणि लपवलेल्या दुखण्यावर औषध कोण देणार?

पहिला दिवस

पाय कापताना पोटरीचं मांस आणि कातडी मागून लांब ठेवून पुढे आणली होती, हाडाच्या टोकावर चांगली गादी होते त्याने. स्टंप गुडघ्यापासून १४ सेंटीमीटर. सॉकेट बसवायला ही लांबी उत्तम.

सकाळी वॉर्डात गेले तर स्टंपखाली उशी, घरून आणलेली, अभ्रा धुतलेला. पाय वर ठेवला की सूज उतरते हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते खोटंही नाही. शिवाय वाकवलेल्या गुडघ्याला खरोखर कमी दुखतं. पण गुडघा वाकवणारे मांडीमागचे स्नायू गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चिकटलेले असतात. पाय कापला तरी ते शाबूत राहतात आणि ओढत राहतात. एरवी टाच गादीवर टेकलेली असते, पायाच्या वजनाने गुडघा आपोआप सरळ होत असतो. ती टाचच गेली. अशा गुडघ्याखाली उशी ठेवली की स्नायू आखूड होत जातात. खुब्याचंही तेच, तोही वाकूनच राहतो. हे होताना कळत नाही. कळतं तेव्हा गुडघा सरळ करायला गेलं की रुग्ण किंचाळतो.

उशी काढली. सूज उतरावी म्हणून पलंगाच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली विटा दिल्या, म्हणजे सगळा पलंगच तिरका झाला आणि गुडघा सरळ राहिला. काकू उशी छातीशी धरून उभ्या. ‘काढली की ओरडतात हो ते.’ त्यांना रागावून उपयोग नव्हता, रात्रभर जागायला त्याच होत्या. त्यांना मी एक काम दिलं. दर तासाला गुडघा बघायचा, वाटी छताकडे आणि गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकलेली हवी. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही दरडावत होत्या.

तरी उशी परत येत राहिली. रात्रपाळीचे मामा बिचारे दयेपोटी ठेवायचे. मग ऑर्थोच्या सरांकडून मांडीपासून स्टंपच्या टोकापुढे जाणारी प्लास्टरची मागची पट्टी करून घेतली. व्यायामाला काढायची, बाकी वेळ बांधलेली. पाश्चात्त्य रुग्णालयांत यासाठी काढता-घालता येणारं कडक ड्रेसिंग वापरतात. त्याने सूज लवकर उतरते आणि पडल्यावर जखमेचं रक्षणही होतं. आमच्याकडे प्लास्टरची पट्टी होती, तिने गुडघ्यापुरतं काम भागलं.

बाकी पहिल्या दिवशी फार काही करायचं नसतं. दीर्घ श्वास, खोकला, डाव्या घोट्याची वरखाली हालचाल, कुशीवर वळणं. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं तर रक्तदाब १३८ वरून १०४ वर आला आणि काकांचे ओठ पांढरे पडले. लगेच आडवं केलं. मधुमेह जुना असेल तर रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही मंदावलेल्या असतात, त्यामुळे बसवताना आणि उभं करताना रक्तदाबाचं यंत्र दंडाला बांधूनच ठेवावं. दुसऱ्या दिवशी थांबत थांबत बसवलं, जमलं.

पालथं झोपणं

दुसऱ्या दिवसापासून पालथं झोपायला लावलं. या एका गोष्टीला जेवढा विरोध होतो तेवढा कशालाच होत नाही. पोट सुटलेलं, श्वास कोंडतो, जखमेवर दाब येईल ही भीती, आणि ‘मेल्यासारखं काय पालथं झोपायचं’ हेही. पण खुबा आणि गुडघा दोन्ही एकाच वेळी सरळ ठेवणारं आणि फुकटातलं असं दुसरं काही नाही. सुरुवात पाच मिनिटांपासून. पोटाखाली उशी नाही, तोंड डाव्या बाजूला वळवलेलं. तोंड कापलेल्या पायाच्या बाजूला वळवलं की कंबर उचलली जाते आणि खुबा चोरून वाकतो. आठवड्याच्या अखेरीस काका दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं पालथे पडून पेपर वाचू लागले.

तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहिले, दोन्ही बाजूंना माणूस. अडीच-तीन किलोचा पाय एका बाजूने गेला की शरीराचा तोलबिंदू वर आणि उरलेल्या पायाकडे सरकतो. माणूस उभा राहतो तो जुन्या हिशेबाने आणि कलंडतो गेलेल्या बाजूला. आरशासमोर उभं केलं की तो हिशेब लवकर बदलतो. मिनिटभर उभे राहिले, बसले, घाम पुसला. मुलाने विचारलं, ‘कधी चालवणार?’ म्हटलं, इतक्यात नाही.

चौथी रात्र

चौथ्या रात्री काका पडले. लघवीला उठले, पाय जमिनीवर टेकवायला गेले आणि टेकवला तो उजवा, जो नव्हता.

हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पाय नाही हे माणूस विसरेल कसा? पण मेंदूच्या नकाशात तो पाय तसाच असतो. अर्धवट झोपेत मेंदू त्या नकाशावरच विसंबतो. पहिल्या काही आठवड्यांतली पडझड बहुतेक अशीच होते, रात्री, लघवीच्या घाईत. दिवसा आम्ही त्यांना हे समजावलं होतं, पण समजावलेलं दिवसाच्या मेंदूला असतं. काकूंचा डोळा लागला होता. प्लास्टरची पट्टी दुखते म्हणून संध्याकाळी काढून ठेवलेली होती.

पडले ते स्टंपवरच. ड्रेसिंग लाल झालं. सर्जननी उघडून पाहिलं तर बाहेरच्या कडेचे दोन टाके सुटले होते. हाडाला काही झालं नव्हतं.

सकाळी फाइलवर लिहिलं होतं, संपूर्ण विश्रांती. मी सर्जनना जाऊन भेटले. मतभेद होता, भांडण नव्हतं. त्यांचं म्हणणं, मधुमेही रुग्ण, जखम फाटली तर वरून, म्हणजे मांडीतून कापावं लागेल, आणि ही भीती खरीच होती. माझं म्हणणं, पडले ते व्यायाम करताना नाही, व्यायाम बंद केल्याने पडणं थांबणार नाही आणि गुडघा मात्र जाईल. तोडगा निघाला तो असा : उभं राहणं काही दिवस बंद, पालथं झोपणं आणि खाटेवरचे व्यायाम चालू, पट्टी रात्री काढायची नाही. लघवीचं भांडं डाव्या हाताशी, रात्री दिवा चालू, आणि खाटेच्या उजव्या बाजूला खुर्ची आडवी लावून ठेवायची, म्हणजे त्या बाजूने उतरताच येणार नाही. ही खुर्ची सगळ्या समजावण्यांपेक्षा कामाची ठरली. आता आमच्याकडे अशा प्रत्येक खाटेला ती लागते.

‘विश्रांती’ या शब्दाला आपल्याकडे फार मान आहे. लवकर हालचाल हा काही कालपरवाचा विचार नाही. १९६०च्या दशकात पोलंडचे डॉ. मारियन वाइस आणि अमेरिकेत सिएटलचे डॉ. अर्नेस्ट बर्जेस शस्त्रक्रियेच्या टेबलावरच स्टंपला प्लास्टर आणि त्याला तात्पुरता पाय जोडत असत, आणि रुग्णाला लगेच त्यावर थोडाथोडा भार द्यायला लावत. काकांसारख्या जखमेवर मी ते करणार नाही, तेवढी देखरेख करायला आमच्याकडे माणसंही नाहीत. पण त्या टोकापासून ‘टाके निघेपर्यंत हलू नका’ या दुसऱ्या टोकापर्यंत मधे बरीच जागा आहे.

मशीन मारणारा पाय

पाचव्या दिवशी काका गप्प होते. भिंतीकडे तोंड. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘मॅडम, पाय मशीन मारतोय. थांबतच नाही. पोटरीत गोळा आलाय.’ पोटरी स्टंपच्या टोकावर शिवलेली होती, पण गोळा येत होता तो खाली, जिथे काहीच नव्हतं.

अशा दुखण्याचं वर्णन सोळाव्या शतकात फ्रेंच सर्जन आंब्रुआझ पारे यांनी करून ठेवलं आहे. त्याला ‘फँटम लिंब’, म्हणजे नसलेल्या अवयवाचा भास, हे नाव १८७१ साली अमेरिकी डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी दिलं. म्हणजे वैद्यकाला हे फार जुनं माहीत आहे, आणि तरीही वॉर्डात कुणीतरी हसतंच. सर्जननी गोळी सुरू केली. मी स्टंपवर बोटांनी हलकं थापटणं, मऊ फडक्याने चोळणं शिकवलं, अर्थात ड्रेसिंगच्या वरच्या भागात. आणि आरसा.

आरशाची युक्ती १९९०च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी मांडली. दोन पायांच्या मधे आरसा उभा ठेवायचा, चांगला पाय आरशात बघत हलवायचा. डोळ्यांना दिसतं की गेलेला पाय हलतोय, सैल होतोय. आमच्या विभागातला आरसा लहान होता. मुलाला विचारलं तर तो दुसऱ्या दिवशी दुकानातला ट्रायलचा उभा आरसाच घेऊन आला, रिक्षात आडवा घालून. त्याच्या कोपऱ्यात अजून खडूच्या खुणा होत्या. काका रोज पंधरा मिनिटं आरशात बघत डावं पाऊल हळूहळू वर-खाली करायचे आणि मग थांबवायचे. थांबवणं महत्त्वाचं होतं, कारण त्यांची तक्रारच पाय थांबत नाही ही होती.

दोन आठवड्यांत गोळा येणं कमी झालं, गेलं नाही. श्रेय आरशाला की गोळीला, हे मी सांगणार नाही. २००७ साली अमेरिकी लष्करी रुग्णालयातल्या एका छोट्या चाचणीत आरशाचा चांगला उपयोग दिसला होता, पण ते तरुण सैनिक होते. मधुमेहाने नसा आधीच झिजलेल्या माणसाला ते जसंच्या तसं लागू करणं बरोबर नाही. आरसा फुकट आहे आणि अपाय करत नाही, म्हणून मी वापरते.

टेप

खुललेले काका मला प्रथम दिसले ते बँडेजच्या दिवशी.

स्टंपला क्रेप बँडेज बांधतात ते सूज उतरवण्यासाठी आणि आकार देण्यासाठी. गोलगोल गुंडाळलं तर मधे आवळतं आणि टोक डमरूसारखं फुगतं. ते तिरकं, आठच्या आकड्यात फिरवायचं, टोकाला ताण जास्त आणि वर येताना कमी, शेवट गुडघ्याच्या वर. चार-पाच तासांनी सोडून पुन्हा बांधायचं. नातेवाइकांना हे शिकवताना माझा बराच वेळ जातो. काकांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘म्हणजे उरेब पट्टी लावतो तशी.’ दुसऱ्यांदा त्यांनीच बांधलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. धुतलेलं क्रेप दोरीवर लटकवायचं नाही, सपाट पसरून वाळवायचं, नाहीतर ताण जातो, हे मी सांगायच्या आधी त्यांनी काकूंना सांगितलं.

स्टंपचा घेर मोजायची टेप मी काढली तर म्हणाले, ‘माझी आणा.’ घरून टेप आली, मापाची वहीही आली. नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून पाच-पाच सेंटीमीटरवर पेनाने खूण करून घेर घ्यायचा. ब्लाउजच्या मापांच्या पुढच्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, खाली ‘उजवा’, आणि तारखेनुसार मापं. टोकाजवळचा घेर दुसऱ्या आठवड्यात ३३ सेंटीमीटर होता. रोज मोजू नका, आठवड्यातून एकदा पुरे, असं सांगावं लागलं. माणूस आपल्या स्टंपकडे बघायला, त्याला हात लावायला तयार होणं हा उपचारातला मोठा टप्पा असतो. अनेकांना त्याला महिने लागतात. काकांना तो टेपमुळे ओलांडता आला.

तुळशीच्या लग्नानंतर

चौदाव्या दिवशी घरी पाठवलं. व्हीलचेअर लांबच्या अंतराला, वॉकर फक्त खाट ते संडास एवढ्याला. डाव्या पायात एमसीआर नावाच्या मऊ रबराची चप्पल, घरातसुद्धा. घरच्यांना हे आवडलं नाही. शेजारपाजारचे विचारतात ना, चालतात का. पण बधिर चवड्यावर दिवसभर उड्या मारत घरभर फिरलं की तिथे घट्टा पडणार, घट्ट्याखाली जखम होणार. भारतीय बैठकीच्या संडासावर भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची, भिंतीला पाइप. उंबरठ्याशी मुलाने सिमेंटचा उतार केला. टाके बाविसाव्या दिवशी निघाले. सुटलेल्या कडेची जखम भरायला पाचवा आठवडा उजाडला.

त्याच सुमारास ते यायचे थांबले. व्हिडिओ कॉललाही मुलगा म्हणायचा, बाबा कामात आहेत.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं आणि लग्नसराई सुरू झाली होती. मशीन मारता येत नव्हती, पण साड्यांना फॉल लावणं, हुक, काजं, ही हातशिलाई बसून होत होती. काका सकाळी नऊला खुर्चीत बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. खुब्यात वाकलेले, गुडघ्यात वाकलेले, स्टंप खुर्चीवरून लोंबता. पालथं झोपणं बंद, कारण वेळ नव्हता. सातव्या आठवड्यात आले तेव्हा कोनमापकावर गुडघा सरळ व्हायला १२ अंश कमी पडत होता. वॉर्डातून जाताना दोन अंश होता.

इथे उपदेश करण्यात अर्थ नव्हता. हातशिलाईचे पैसे येत होते, आणि ते पैसे आल्यापासून ते घरात पुन्हा मोठ्याने बोलू लागले होते, असं काकूंनीच सांगितलं. मी काम बंद करा म्हटलं असतं तर ते माझ्याकडे यायचे बंद झाले असते. मग कामच वापरायचं ठरवलं. खुर्चीच्या बैठकीवर एक फळी, अर्धी उजव्या मांडीखाली आणि पुढे स्टंपच्या लांबीएवढी बाहेर आलेली. स्टंप त्यावर सरळ ठेवायचा आणि शिवायचं. सुताराने फळी दिली, तिला गादी काकांनी शिवली, रेक्झिनची, पुसता येते म्हणून. आता शिवणकामाचे तास हेच गुडघा सरळ ठेवायचे तास झाले. दर दीड-दोन साड्यांमागे एकदा पालथं. याशिवाय आठवड्यातून दोनदा माझ्याकडे ताणायचे व्यायाम, स्नायू आधी घट्ट करायला लावून मग सैल सोडताना ताणायचा. पालथं असताना स्टंपच्या टोकाजवळ वाळूची लहान पिशवी.

एकदा व्यायामाच्या मधेच घामाने भिजले, शुगर ६२. इन्सुलिन घेऊन न जेवता एसटी पकडली होती. तेव्हापासून आधी जेवण विचारायचं, मग व्यायाम.

अकराव्या आठवड्यात वाक ५ अंशांवर आला. टोकाचा घेर २९.५, आणि सलग तीन आठवडे वहीत तोच आकडा. म्हणजे स्टंप स्थिरावला होता, माप द्यायला हरकत नव्हती.

पाय मिळाल्यावर

काकांना जयपूर फूट बसवला. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला हा रबरी पाय अनवाणी चालणाऱ्या, जमिनीवर बसणाऱ्या, चिखलात जाणाऱ्या माणसांचा विचार करून केलेला आहे, आणि आपल्याकडे तो का टिकला हे वेगळं सांगायला नको.

एक तक्रार मात्र नोंदवते. शिबिरात पाय मिळतो, त्याच दिवशी फोटो निघतो, माणूस घरी जातो. पुढे तो पाय वापरला जातो का, हे विचारायला कुणी जात नाही. खुंटीला टांगलेले पाय मी गावोगावी पाहिले आहेत. पायात दोष नसतो. गुडघा वाकलेला असतो, नाहीतर घेर उतरून सॉकेट सैल झालेलं असतं, नाहीतर पहिल्याच दिवशी तासभर घालून कातडी सोललेली असते. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून चालू असलेल्या केंद्रीय संस्थेत किंवा दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली सुरू झालेल्या पुण्याच्या लष्करी केंद्रात पाय आणि चालायचं शिक्षण एका छताखाली मिळतं. जिल्ह्याजिल्ह्यांत ते तसं नाही, आणि गरज तिथेच आहे.

काकांचं शिक्षण दोन वजनकाट्यांवर सुरू झालं. एक पाय एका काट्यावर, दुसरा दुसऱ्यावर, पकडायला समांतर दांड्या. वजन ६२ किलो, पहिल्या दिवशी नव्या पायावर १२ किलोच टाकले. ‘पाय आहे, पण विश्वास नाही,’ म्हणाले. आकडा समोर दिसत असल्याने ते स्वतःच वाढवत गेले. दहा मिनिटं घालायचा, काढायचा, कातडी बघायची. लाली पंधरा मिनिटांत गेली नाही तर त्या दिवशी पुन्हा घालायचा नाही. तीन आठवड्यांनी दांड्यांबाहेर काठीवर चालले.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मधल्या काळात झालं. ४० टक्क्यांची अट असते, गुडघ्याखाली पाय गेल्यावर ती सहज पूर्ण होते. रांग लांब होती, एवढंच.

सहाव्या महिन्याची नोंद अशी. पाय दिवसाला सहा-सात तास घालतात. घर ते दुकान काठीने, बाजाराला मुलाच्या गाडीवर. गुडघ्याचा वाक ४ अंश, त्याखाली तो येईल असं मला वाटत नाही. मशीनला मोटर बसवली आहे, तिचं बटण डाव्या पायाने दाबतात. फँटमचा गोळा महिन्यातून दोन-चारदा येतो, बहुतेक थंडीत. स्टंप आणखी उतरल्यामुळे दोन मोजे घालून सॉकेट भरावं लागतं, उन्हाळ्यानंतर नवं लागेल. डाव्या चवड्यावर अंगठ्याच्या मुळाशी घट्टा दिसू लागला आहे. तो कापून घेतला, चप्पलेचा तळ बदलायला दिला, आणि दर पंधरा दिवसांनी डाव्या तळपायाचा फोटो मुलाने पाठवायचा असं ठरलं आहे. गेल्या वेळचा आला नव्हता, फोन करून मागवला.